डॉ. व्हिएगस : ताप ओळखणारा माणूस

कर्जत किंवा खोपोलीची लोकल पकडून सीएसएमटीला उतरलं, की मेट्रो सिनेमा चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. आपल्यापैकी निम्मे लोक त्या चौकातून कधी ना कधी गेलेले असतात. कुणी पुस्तकं घ्यायला, कुणी पिक्चर बघायला. तिथे एक पुतळा आहे. त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही, कारण तो ना राजाचा आहे ना पुढाऱ्याचा. तो आहे एका डॉक्टरचा. नाव डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस. एका आजाराची लक्षणं वेळेवर ओळखली आणि जे ओळखलं ते न घाबरता बोलून दाखवलं, ही या माणसाची मोठी कमाई. यंदाच्या अंकासाठी चरित्रात्मक लेख लिहायचा ठरल्यावर मी हेच नाव निवडलं. का, ते पुढे येईलच.

व्हिएगस मूळचे गोव्याचे. बार्देश तालुक्यातल्या हडफडे गावी १ एप्रिल १८५६ रोजी त्यांचा जन्म झाला. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि शिकून काही करायचं तर मुंबई गाठायची, अशी तिथल्या बऱ्याच कुटुंबांची रीत होती. तसे तेही मुंबईला आले. सेंट झेवियर्समध्ये शिकले आणि पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० साली एल. एम. ही पदवी पहिल्या वर्गात मिळवली. परगावाहून येऊन, परक्या भाषेत शिकून परीक्षेत चमकणं काय असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

डॉक्टर झाल्यावर त्यांनी दवाखाना थाटला तो मांडवी भागात. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली वस्ती. धान्याची गोदामं, हमालांचे अड्डे, व्यापाऱ्यांच्या पेढ्या, आणि त्यांच्याच वर-खाली दाटीवाटीने राहणारी माणसं. चाळींना उजेड नाही, गटारं तुंबलेली, आणि धान्य म्हटलं की उंदीर आलेच. अशा ठिकाणी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला तापाचे पेशंट रोजचेच. १८८८ पासून ते मुंबई महापालिकेचे सभासदही होते. म्हणजे सकाळी नाडी बघायची आणि मीटिंग असली की पालिकेत जाऊन गटारांबद्दल भांडायचं. ही दुहेरी भूमिका पुढे कामाला आली.

आता येतं १८९६ साल. पावसाळा सरत आला होता. मांडवीत लोकांना ताप येऊ लागला आणि काही माणसं चार-पाच दिवसांत दगावू लागली. गोदामांत उंदीर मरून पडत होते, पण त्याचा संबंध तापाशी लावणार कोण? मुंबईत ताप ही काय नवलाची गोष्ट होती! कुणी म्हणे हिवताप, कुणी म्हणे गाठींचा ताप, कुणी दूषित हवेला दोष देई. नाव काहीही द्या, औषध तेच. सगळ्या तापांना एकाच पिशवीत टाकायची सवय आजची नाही.

व्हिएगस यांनी मात्र पेशंटकडे नीट बघितलं. एकदम चढलेला ताप, थंडी, असह्य डोकेदुखी. पेशंट दारू प्यायल्यासारखा अडखळत चालतो, बोबडं बोलतो, मग भ्रमात जातो. आणि या सगळ्याबरोबर जांघेत, काखेत किंवा मानेत एक गाठ, जिला नुसतं बोट लागलं तरी माणूस कळवळतो. हिवतापात थंडी वाजते, ताप चढतो, घाम येऊन उतरतो. पण जांघेत अशी गाठ येत नाही. एकेक लक्षण सुटं घेतलं तर दहा आजारांत बसेल, पण सगळी एकत्र घेतली तर एकाच आजारात बसतात. तो आजार म्हणजे गाठीचा प्लेग.

आपण इंजिनिअरिंगवाले याला फॉल्ट डायग्नोसिस म्हणू. मशीन गरम होतंय एवढ्यावरून काही कळत नाही. गरम होतंय, आवाज येतोय आणि एकाच बाजूला थरथरतंय, असं म्हटलं की बेअरिंगकडे बोट जातं. ताप म्हणजे नुसतं मशीन गरम होणं. खरी बातमी त्याच्या सोबतच्या लक्षणांत असते.

गाठ जांघेतच जास्त करून का येते, याचंही उत्तर गमतीशीर आहे, फक्त ते व्हिएगस यांना तेव्हा माहीत नव्हतं. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा ते कोडंच होतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत पिसवांवर प्रयोग करून ते सोडवलं. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू नवं रक्त शोधते आणि जवळच्या माणसाला चावते, बहुतेक वेळा पायाला. जंतू तिथून शरीरातल्या गाळणीत, म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथीत जातात, आणि पायाची गाळणी असते जांघेत. म्हणून ती सुजते. म्हणजे व्हिएगस कारण माहीत नसताना केवळ लक्षणांवरून बरोबर ठिकाणी पोचले होते.

ओळखणं हा अर्धा भाग झाला. बोलणं हा दुसरा अर्धा, आणि तो जास्त अवघड. सप्टेंबर १८९६ मध्ये व्हिएगस यांनी मुंबईत प्लेग आहे हे महापालिकेत उघडपणे सांगितलं. हे सांगणं म्हणजे काय, याचा विचार करा. मुंबई हे देशाचं मोठं बंदर. प्लेगचं नाव निघालं की परदेशी बंदरं मुंबईची जहाजं अडवणार, कापूस-धान्य पडून राहणार, गिरण्या बंद पडणार. साहजिकच सुरुवातीला अनेकांनी विश्वास ठेवला नाही. एका खासगी डॉक्टरच्या शब्दावर एवढं मोठं संकट कोण मान्य करील? अखेर खात्री करण्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी करून घेण्यात आली. सगळ्यांचा निष्कर्ष एकच निघाला. डॉक्टर बरोबर होते.

यानंतरचा इतिहास आपल्याला तुकड्यातुकड्यांनी माहीत असतो. सरकारने वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाला मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. त्या प्रयोगशाळेतून पुढे परळची हाफकिन संस्था झाली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, तोच कायदा आपण २०२० मध्ये करोनाच्या वेळी पुन्हा ऐकला.

पण सगळं चांगलंच झालं असं नाही. माणसांना घरातून ओढून इस्पितळात न्यायचं, सामान जाळायचं, बायकांची तपासणी करायची, यामुळे लोक रोगापेक्षा सरकारला भिऊ लागले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुण्यात जून १८९७ मध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. लोक पेशंट लपवू लागले, आणि लपवलेला पेशंट म्हणजे पसरलेला रोग.

मुंबईची वस्ती तेव्हा आठ लाखांच्या आसपास. त्यातले जवळजवळ निम्मे लोक त्या हिवाळ्यात शहर सोडून पळाले. कोकणात बोटीने, आणि देशावर रेल्वेने. देशावरची गाडी म्हणजे आपली कर्जतची वाट! बोरघाट चढून जाणाऱ्या त्या गाड्यांत ट्रंका, वळकट्या, लेकरं आणि न दिसणाऱ्या पिसवा, सगळंच होतं. १८९६ संपता संपता प्लेग पुण्यात होता. तिथेच १० मार्च १८९७ ला, एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवल्यानंतर, सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. पुढच्या दोन-तीन दशकांत देशभरात या रोगाने एक कोटीहून जास्त माणसं नेली.

या काळात व्हिएगस काय करत होते? शहर सोडून गेले नाहीत. पेशंट तपासत राहिले. गलिच्छ वस्त्या साफ करा, उंदीर मारा, असा त्यांनी पालिकेत धोशा लावला. लस आल्यावर लोक ती घ्यायला घाबरत होते, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने सुमारे १८ हजार लोकांना टोचलं असं सांगतात. अंगात भीती बसलेल्या माणसाला कायदा नाही समजावू शकत, ओळखीचा डॉक्टर समजावू शकतो. १९०६ साली ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. मुलामुलींच्या प्राथमिक शिक्षणासाठीही त्यांनी प्रयत्न केले. १९३३ मध्ये त्यांचं निधन झालं.

तर हे चरित्र. आता प्रश्न असा, की प्लेग आज आपल्याकडे नाही आणि असला तरी अँटिबायोटिकने बरा होतो, मग हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी हे कशाला वाचायचं?

कारण आपणही सगळ्या तापांना एकाच पिशवीत टाकतो. त्या पिशवीचं नाव व्हायरल. गेल्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावरचा एक मुलगा ट्रेकवरून आला आणि तापाने पडला. सबमिशन तोंडावर, त्यामुळे चार दिवस पॅरासिटामॉलवर ढकलले. आम्हाला सगळ्यांना व्हायरलच वाटत होतं. मेसमध्ये वाढणाऱ्या काकांनी मात्र बघितलं, की पोरगं जिन्याची पायरी चढताना पोटऱ्या धरतंय आणि डोळे लालभडक आहेत. काका मूळचे इथलेच, भातशेतीतले. त्यांनी रेक्टर सरांना गाठलं आणि सर रात्रीच त्याला घेऊन गेले. निघाला लेप्टोस्पायरोसिस. किडनीवर परिणाम सुरू झाला होता. आठवडाभर ऍडमिट राहून पोरगा बरा झाला. काकांनी केलं ते आणि व्हिएगस यांनी केलं ते, जात एकच. तापाबरोबर आणखी काय आहे ते बघितलं.

आपल्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात पावसाळ्यानंतर कोणते ताप येतात ते म्हणूनच माहीत हवं. चिखलात, साचलेल्या पाण्यात पाय गेला असेल आणि मग ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, लघवी कमी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर लेप्टो असू शकतो. ठरावीक वेळाने थंडी वाजून ताप आणि मग घाम, तर मलेरियासाठी रक्त तपासा. डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून येणं, पुरळ, असं असलं तर डेंग्यूचा संशय घ्या. डेंग्यूत खरा धोका बऱ्याचदा ताप उतरताना असतो. तेव्हा पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा पेशंट सुस्त पडला, तर थांबायचं नाही. आणि डेंग्यूची शंका असताना ऍस्पिरिन, ब्रुफेन स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. तापाबरोबर मान ताठ होऊन डोकं ठणकत असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर ताबडतोब मोठं हॉस्पिटल. बेंबीपाशी सुरू झालेलं पोटदुखणं उजवीकडे खाली सरकलं, तर ती ऍसिडिटी समजू नका, अपेंडिक्स असू शकतं.

साप-विंचू हा तर आपला शेजारच. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि बऱ्याचदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं, एवढंच दिसतं. हे बघून पोराला झोप आलीय असं समजलं तर संपलंच. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. हालचाल कमीत कमी आणि थेट हॉस्पिटल. सापाच्या विषावरचं इंजेक्शन हाफकिनमध्येही तयार होऊ लागलं, म्हणजे प्लेगपासून निघालेला धागा इथे आपल्या दारात येतो. विंचवाचंही तसंच. चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, ही हृदयावर ताण आल्याची लक्षणं आहेत. आपल्याच रायगड जिल्ह्यात महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा पेशंटच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपलं आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगाला दाखवला. मुंबईचा मांडवी असो की आपला रायगड, पद्धत तीच.

आणि हायवे. खालापूर, खोपोलीकडून बाईकवर येताना कुणी पडला, लगेच उठून हसला, तरी डोक्याला मार असेल तर पुढचे २४ तास लक्ष ठेवा. उलट्या, वाढती झोप, बोलण्यात गोंधळ, एक बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन करा.

मला वाटतं, व्हिएगस यांच्याकडून घ्यायच्या गोष्टी दोन. एक, शेजारच्या कॉटवर आजारी पडलेल्याकडे नीट बघा. त्याला विचारा, ताप कधीपासून, आणखी काय होतंय, लघवी झाली का, पाण्यातून कुठे गेला होतास. डॉक्टर आपण नाही, औषध आपण द्यायचं नाही, पण रात्री दोन वाजता त्या खोलीत डॉक्टर नसतो, आपणच असतो. दोन, काही वेगळं दिसलं तर बोला. रेक्टर रागावतील, मित्र चेष्टा करतील, पेपर बुडेल, या भीतीने गप्प बसू नका. व्हिएगस यांच्यासमोर तर अख्ख्या बंदराचा व्यापार उभा होता.

पुढच्या वेळी मेट्रोच्या चौकातून जाल, तेव्हा क्षणभर थांबून मान वर करून बघा. आणि आजच वहीच्या शेवटच्या पानावर १०८ लिहून ठेवा, त्याखाली आपल्या रेक्टर सरांचा नंबर.