कुणाची कोण?

आमच्या शिरवण्यात लग्नघरी नवी बाई आली, की पहिला प्रश्न ठरलेला. तू कुणाची कोण? माहेर कुठलं, मामा कुठले, थोरली बहीण कुठल्या गावात दिली? नातं लागेपर्यंत म्हाताऱ्या बायका सोडत नाहीत. कुठून तरी आत्याच्या जावेचा धागा सापडतो, आणि मग चहा येतो. गावाला चारी बाजूंनी इमारतींनी वेढलंय, जुईनगर-नेरूळची लोकल हाकेच्या अंतरावर धडधडते, पण हळदीच्या मांडवात धवलारीण धवले गायला बसली की ही चौकशी अजून होतेच.

आपल्याला हा भोचकपणा वाटतो. एका मराठी बाईनं मात्र याच चौकशीचं शास्त्र केलं. वही घेऊन ती भारतभर हिंडली, हेच प्रश्न विचारत. त्या म्हणजे इरावती कर्वे. 'युगान्त' लिहिणाऱ्या म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण भारतातल्या पहिल्या स्त्री मानववंशशास्त्रज्ञ म्हणून त्यांचं नाव जगात घेतलं जातं, हे कितीजणींना ठाऊक असतं?

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशात मिंज्यान गावी. वडील गणेश हरी करमरकर तिथं एका कापूस कंपनीत इंजिनियर होते. तिथल्या मोठ्या नदीवरून मुलीचं नाव ठेवलं इरावती. घरचे इरू म्हणायचे. सातव्या वर्षी या इरूला शिक्षणासाठी पुण्याला पाठवलं, हुजूरपागेत. सात वर्षांची पोर, समुद्रापलीकडे आईबाप! तिथं शकुंतला परांजपे ही बरोबरीची मैत्रीण भेटली आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे रँग्लर परांजप्यांनी, इरूला आपल्याच घरी ठेवून घेतलं. त्या घरात पुस्तकं होती, वाद होते, देव मात्र नव्हता. मुलींनी काय वाचावं आणि काय नाही, याचा जाच नव्हता. इरावतीबाई पुढं कुणालाही न बिचकता प्रश्न विचारत, त्याचं मूळ मला या घरात दिसतं.

फर्ग्युसनमधून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन पदवी झाली. मग मुंबईला प्रा. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र. १९२८ च्या एम. ए. साठी त्यांनी विषय निवडला तो आपल्याच जातीचा, चित्पावनांचा. मधल्या काळात लग्नही झालं. नवरा दिनकर धोंडो कर्वे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक. म्हणजे सासरे कोण, तर महर्षी धोंडो केशव कर्वे! आणि दीर रघुनाथराव, संततिनियमनासाठी उभ्या महाराष्ट्राचा रोष पत्करणारे.

असं सासर मिळालं म्हणजे सगळं सोपंच झालं असेल, असं वाटतं ना? पण पुढच्या शिक्षणासाठी सुनेनं जर्मनीला जायचं ठरलं, तेव्हा विरोध झाला तो खुद्द अण्णांचाच. बायकांसाठी विद्यापीठ काढणारा माणूस, आणि स्वतःच्या सुनेच्या बाबतीत पाय मागं! अण्णांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. घराबाहेरच्या बायकांसाठी जे पटतं ते घरातल्या बाईसाठी पटायला वेळ लागतो, हे आपण आपापल्या घरी बघतोच. इथं नवरा ठाम राहिला. दिनकररावांनी स्वतः जर्मनीत डॉक्टरेट केली होती. डॉ. जीवराज मेहतांकडून कर्ज घेतलं गेलं आणि १९२८ मध्ये बाई बर्लिनला पोचल्या.

आता जे झालं ते जरा सावकाश सांगते.

बर्लिनची ती मानववंशशास्त्राची संस्था नवीन होती, एकाच वर्षापूर्वी उघडलेली. प्रमुख होते ऑयगेन फिशर. मोठा दरारा. गोऱ्या माणसाचा मेंदू श्रेष्ठ, आणि ते त्याच्या कवटीच्या घडणीतही दिसतं, असा त्यांचा समज. कवटीची डावी-उजवी बाजू अगदी सारखी नसते. हा फरक युरोपीय माणसात जास्त असणार आणि त्याच्या बुद्धीशी त्याचा संबंध असणार, अशी त्यांची अटकळ होती. ती तपासायचं काम या हिंदुस्थानी विद्यार्थिनीला मिळालं. समोर १४९ कवट्या. काही जर्मनांच्या, काही दूरदेशच्या लोकांच्या, वसाहतींतून आणलेल्या. त्या माणसांना किंवा त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलं असेल, अशी शक्यता फार कमी.

बाईंनी मोजमापं घेतली, पुन्हा पुन्हा घेतली. निष्कर्ष निघाला तो गुरूंच्या उलटा. कवटीतला हा फरक सगळ्याच लोकांत आढळतो, वंशाशी त्याचा संबंध लागत नाही. तो त्यांनी तसाच प्रबंधात लिहिला. परक्या मुलखात, उसन्या पैशावर शिकणारी पंचविशीच्या आतली बाई. पदवी हातात येणार ती त्याच गुरूंच्या सहीनं. थोडं सांभाळून लिहिलं असतं तर कुणाला कळलं असतं? फिशरनी पास केलं, पण सगळ्यात कमी श्रेणी देऊन. १९३० मध्ये बाई डॉक्टर होऊन परतल्या. त्यानंतर तीनच वर्षांत जर्मनीत हिटलर आला, आणि फिशर यांच्यासारख्यांचं वंशशास्त्र त्याच्या राजवटीच्या कामी आलं. त्यातून काय अनर्थ झाला हे जगाला माहीत आहे. बाईंच्या प्रबंधाची ही हकिगत मात्र आपल्याकडे बराच काळ कुणाला फारशी ठाऊक नव्हती. २०२४ मध्ये त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि तियागो पिंतो बार्बोसा या अभ्यासकानं मिळून त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं, तेव्हा ती सगळ्यांसमोर आली.

परतल्यावर काही वर्षं एस. एन. डी. टी. मध्ये रजिस्ट्रारचं काम केलं. फायली, सह्या, परीक्षा. त्यात जीव रमला नाही. १९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झालं, तिथं त्या गेल्या आणि अखेरपर्यंत तिथल्याच झाल्या. तिथं पुरातत्त्वाचे डॉ. हसमुख सांकलिया होते. दोघांचं छान जमलं. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात लांघणज म्हणून गाव आहे. तिथल्या वाळूच्या टेकाडात चाळीसच्या दशकात उत्खनन झालं. गारगोटीची बारीक हत्यारं निघाली आणि हजारो वर्षांपूर्वी गुडघे पोटाशी घेऊन पुरलेल्या माणसांचे सांगाडेही निघाले. हत्यारं सांकलियांनी वाचली, हाडं बाईंनी. १९४९ मध्ये दोघांनी मिळून त्यावर अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकात लेख लिहिला. १९४७ मध्ये दिल्लीच्या सायन्स काँग्रेसमध्ये मानववंशशास्त्र विभागाच्या अध्यक्ष त्याच होत्या.

पण हाडांपेक्षा जिवंत माणसांत त्या जास्त रमल्या, असं मला त्यांचं लिखाण वाचून वाटतं. माणसं मोजायची, रक्ताचे नमुने घ्यायचे, आणि त्याबरोबर गोष्टी, गाणी, म्हणी, नात्यांची नावं टिपायची. त्यातून १९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. जगभरच्या विद्यापीठांत तो वाचला गेला. विषय मात्र आपल्या घरातला.

आपल्याकडे जुन्या बायका सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणायच्या. कधी विचार केलाय, का? नवऱ्याची आई माझी आत्या कशी? आता खाली कर्नाटकात चला. कानडीत अत्ते म्हणजे आत्या आणि अत्ते म्हणजे सासूही. मावा म्हणजे मामा आणि सासराही. कारण तिथं मामा-आत्याच्या मुलांची लग्नं रीतीनंच होत आली. मुलगी ज्या घरी जायची ते घर तिनं परकरात असल्यापासून पाहिलेलं. उत्तरेत याच्या अगदी उलट. गोत्रातलं नको, गावातलं नको, नात्यातलं नको. मुलगी द्यायची ती अनोळखी गावात, अनोळखी माणसांत. तिथं डोक्यावरून पदर तोंडापर्यंत येतो आणि माहेर म्हणजे वर्षाकाठी एकदा भेटलं तर भेटलं. गाण्यांत एवढं रडू का आहे, ते या नकाशावरून कळतं.

आपण मराठी माणसं या दोन रीतींच्या मध्ये. मामाची मुलगी करायला अनेक जातींत चालतं, आत्याची मुलगी सहसा चालत नाही. मुलीच्या बाजूनं बघितलं तर ती आत्याच्या घरी सून म्हणून जाते. तेव्हा आत्याबाई हे नुसतं मानाचं नाव नाही, त्यात एक जुनी रीत गोठून राहिलीय. असल्या साध्या शब्दांतून त्यांनी भारताचे चार भाग पाडून दाखवले, उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. पंडितांनी पोथ्या उलगडल्या होत्याच. बाईंनी पोथ्याही उलगडल्या आणि चुलीपाशी बसलेल्या बायकांनाही विचारलं.

जातीबद्दलही त्यांचं म्हणणं वेगळं होतं. एका वर्णातून फाटे फुटत जाती झाल्या, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांचे गुरू घुर्ये यांचं मत तसंच होतं, पण त्यांनी मान्य केलं नाही. मोठ्या चाकावर काम करणारे कुंभार वेगळे, लहान चाकाचे वेगळे. धंदा एक म्हणून नाव एक, पण मूळ निराळं. महाराष्ट्रातले सगळे ब्राह्मणही एका मुळाचे नाहीत, असं त्या मोजमापांवरून सांगत. आता मोजमापांचा हा सोस त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, तो काळ बदलल्यावरही, अशी टीका पुढच्या अभ्यासकांनी केली. ती मला रास्त वाटते. ज्या फूटपट्टीतला खोटेपणा बर्लिनमध्ये त्यांनीच दाखवला, ती इथं त्यांच्या हातून सुटली नाही.

आणि घर? तीन मुलं झाली. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या दोघी लेखिका, मुलगा आनंद शास्त्रज्ञ. त्या काळच्या पुण्यात ही बाई स्कूटर चालवायची, नवऱ्याला दिनू अशी हाक मारायची. लोक बघत राहायचे. आपल्यापेक्षा बायकोची बुद्धी मोठी, हे दिनकररावांनी लवकर ओळखलं आणि मनाला लावून घेतलं नाही. तिच्या पर्समध्ये पैसे आहेत ना, स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना, हे ते बघत. स्वतः फर्ग्युसनचे प्राचार्य असताना! असं कौतुक कितीजणींच्या वाट्याला येतं, ते ज्याचं त्यानं मोजावं.

१९४९ च्या 'परिपूर्ती'तला त्याच नावाचा लेख यामुळेच गमतीचा वाटतो. एका सभेत त्यांची ओळख करून दिली जाते, अमक्यांची मुलगी, महर्षींची सून, प्राचार्यांची पत्नी. काहीतरी राहून गेलं असं त्यांना वाटत राहतं. मग रस्त्यानं जाताना शाळकरी पोरं एकमेकांना दाखवतात, की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. तेव्हा त्यांना ओळख पुरी झाल्यासारखी वाटते. काहीजणींना हा लेख आवडत नाही. एवढी विदुषी, आणि शेवटी कुणाची तरी आई होण्यात पूर्णता? मला त्यात मिश्कीलपणा दिसतो. आयुष्यभर सगळ्यांना कुणाची कोण म्हणून विचारणारी बाई तोच प्रश्न स्वतःला लावून बघते आहे.

वारीवरही त्यांनी लिहिलं. दिंडीबरोबर चालल्या, बायकांत मिसळल्या. जेवायच्या वेळी ब्राह्मणांची पंगत निराळी आणि मराठ्यांची निराळी, ते बघून त्यांचा जीव तुटला. एक देव, एक वाट, एकच अभंग, आणि ताटं वेगळी.

'युगान्त' १९६७ चं. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. महाभारतातली माणसं त्यांनी देव्हाऱ्यातून खाली आणली. गांधारीचा राग, कुंतीची फरफट, द्रौपदीचा शेवट. तिथंही नजर तीच. कोण कुणाचा बाप, कोणती सून कुठून आणली, तिच्या माहेरचं बळ किती. धर्मराज हा विदुराचा मुलगा असावा का, हा प्रश्न त्यांनी सरळ विचारला, तेव्हा केवढी खळबळ झाली!

त्याच वर्षांत त्यांनी आणखी एक काम केलं, त्याची चर्चा कमी होते. कोयना धरणात ज्यांची गावं गेली, त्या लोकांची पाहणी. लेक जाई बरोबर होती. धरणामुळं वीज आली, पण उठवलेल्या माणसांचं काय झालं, हे घरोघर जाऊन विचारायचं. १९६९ मध्ये ते पुस्तक निघालं. धरणग्रस्त हा शब्द वर्तमानपत्रांत रोजचा होण्याच्या कितीतरी आधी.

पुढच्या वर्षी, मार्च १९७० मध्ये, सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी लागणार होत्या. त्यांत आमचं शिरवणेही. भातशेती गेली, मिठागरं गेली. इथल्या चुलींपाशी इरावतीबाई वही घेऊन बसल्या असत्या तर काय लिहिलं असतं, असं मनात येतं. पण ११ ऑगस्ट १९७० ला पुण्यात त्या गेल्या. वय ६४. झोपेतच प्राण गेला.

तालुक्याच्या वाचनालयात 'युगान्त' बहुधा असतंच. पण मैत्रिणींनो, आधी 'परिपूर्ती' मागा. पातळ पुस्तक आहे, दोन दुपारींत होतं. आणि घरात कुणी जुनी आजी असेल, तर सासऱ्याला ती काय म्हणायची ते विचारून ठेवा.