कोक, हवा आणि लोखंडी नांगर

लोखंडी नांगराने जमिनीला विष चढते, अशी तेव्हा बहुतेक शेतकऱ्यांची समजूत होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात तयार केलेले पहिले नांगर खपायला त्यामुळे दोन वर्षे लागली. समजूत खोटी होती, पण सावधपणा अनाठायी नव्हता. लाकडी नांगर गावचा सुतार दुरुस्त करून देई. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा फाळ तुटला, तर तो सांधणे अवघड. फाळ टिकायचा तर भट्टीतला रस नीट हवा, आणि तो रस नीट होतो की नाही, हे पदार्थांच्या प्रमाणावर ठरते.

लक्ष्मणराव २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे जन्मले. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण डोळ्यांना काही रंगांतला फरक कळत नाही असे आढळले आणि चित्रकला सुटली. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. ते काम शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला परतले. भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान चालवता चालवता कडबा कापण्याचे यंत्र आणि मग नांगर आला. जरा जम बसतो तोच नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली.

मदतीला धावले ते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो सूर्यनमस्कारांमुळे, पण उद्योग पारखण्याची नजरही त्यांना होती. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात आहे. संस्थानाचा मुलूख मात्र विखुरलेला होता, आणि त्यातली कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन त्यांनी कारखान्याला दिली. हा भाग आता सांगली जिल्ह्यात येतो. १९१० साली निवडुंग तोडून, सापांशी सामना करत तिथे किर्लोस्करवाडी वसली.

ओतशाळेच्या कुपोला भट्टीत लोखंड, कोक आणि थोडी चुनखडी यांचे थर वरून टाकतात आणि खालून हवा फुंकतात. कोक म्हणजे मुख्यतः कार्बन. तो पुरेपूर जळला तर कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचा एक रेणू लागतो. अणू मोजता येत नाहीत, म्हणून रसायनशास्त्राने 'मोल' हे माप काढले. बाजारात केळी डझनाने घेतात, तसे अणूरेणू मोलाने घ्यायचे. फक्त हा डझन ६०२ वर २१ शून्ये इतका मोठा असतो. कार्बनचा एक मोल १२ ग्रॅम, ऑक्सिजनचा ३२ ग्रॅम. त्या दोहोंतून कार्बन डायऑक्साइडचा एक मोल, म्हणजे ४४ ग्रॅम वायू तयार होतो. समीकरणातला एकास एक हा हिशेब अणूरेणूंचा आहे, वजनाचा नव्हे. विद्यार्थी चुकतात ते नेमके इथे.

आता तराजूकडे वळू. एक किलो कार्बनला २.६७ किलो ऑक्सिजन लागतो. हवेच्या वजनात ऑक्सिजन सुमारे २३ टक्केच असल्यामुळे हवा लागते जवळजवळ साडेअकरा किलो. दहा किलो लोखंडाला साधारण एक किलो कोक धरला, तर भट्टीत लोखंडाच्याच तोलाची हवा फुंकावी लागते. डोळ्यांना न दिसणारा कच्चा माल तो हाच.

हवा कमी पडली तर समीकरणच बदलते. मग कार्बनच्या दोन मोलांना ऑक्सिजनचा एकच मोल मिळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तेवढ्याच कार्बनपासून उष्णता मिळते ती पाव हिश्शाहून जराशी जास्त. रस थंडावतो, साचाचे कोपरे भरत नाहीत. हवा जास्त झाली तरी नुकसानच, कारण ती भट्टी गार करते आणि लोखंडही जाळते. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपलेली माणसे दगावतात, तीही याच दोनास एक समीकरणामुळे. या वायूला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो.

चुनखडीचा हिशेबही असाच. तापल्यावर १०० किलो चुनखडीतून ५६ किलो चुना उरतो आणि ढोबळमानाने तो ६० किलो वाळूसारखी घाण मळीत ओढून घेतो. फाळाच्या टोकाचा कठीणपणाही प्रमाणाचाच. रस झपाट्याने निवाला तर लोखंडाचे तीन अणू कार्बनच्या एका अणूला धरून सिमेंटाइट बनते. ते अतिशय कठीण, पण ठिसूळ असते. म्हणून टोक कठीण आणि अंग चिवट ठेवावे लागते.

त्या काळचे ओतारी या सगळ्याचा अंदाज ज्वाळेच्या आणि रसाच्या रंगावरून बांधत. रंगांत फसणाऱ्या डोळ्यांच्या माणसाने नेमका हाच धंदा उभारावा, हा योग विलक्षणच! लक्ष्मणरावांचा भर पुस्तके, परदेशी मासिके आणि पुन्हा पुन्हा करून पाहणे यांवर होता.

पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. पुढे शेंगा फोडायची यंत्रे आली, पंप आले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. कुंडल रोड स्थानकाच्या पाटीवर आता किर्लोस्करवाडी असे नाव आहे.