आकाशगंगेचा मापारी : विल्यम हर्शेल

पाश्चात्य ज्योतिषी ज्या ग्रहास युरेनस म्हणतात, त्यास आपल्या पंचांगांत हर्षल असें नांव आहे. हें नांव एका वाजंत्र्याच्या मुलावरून पडलें, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. विल्यम हर्शेल याचा जन्म जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं १७३८ सालीं झाला. बाप पलटणीच्या बॅंडांत ओबो वाजवीत असे. मुलगाही तेथेंच चाकरीस राहिला. पुढें युद्धाच्या धामधुमींत, १७५७ सालीं, तो इंग्लंडांत आला व गायन-वादनाच्या शिकवण्या करून पोट भरूं लागला. १७६६ सालीं बाथ येथील एका प्रार्थनामंदिरांत त्यास ऑर्गन वाजविण्याची जागा मिळाली.

संगीतशास्त्राचे ग्रंथ वाचतां वाचतां तो प्रकाशशास्त्राकडे वळला. मोठी दुर्बीण विकत घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून तांबें व कथील यांच्या मिश्रधातूचे आरसे तो घरींच ओतूं व घासूं लागला. एकदां तर आरशावरचा हात १६ तास काढतां येईना, तेव्हां बहीण कॅरोलाइन हिनें त्यास घांस भरविले! अशाच घरीं केलेल्या दुर्बिणींतून १३ मार्च १७८१ च्या रात्रीं त्यास नवा ग्रह दिसला. राजा तिसरा जॉर्ज यानें वर्षास २०० पौंडांचा तनखा बांधून दिला, आणि शिकवण्या सुटल्या.

लोक त्यास ग्रहामुळें ओळखतात. आमच्या मतें त्याचें खरें मोठें काम निराळेंच आहे. आकाशगंगेचा आकार कसा आहे, हें ठरविण्याचा त्यानें घाट घातला. आपण तिच्या पोटांतच राहतों. बाहेर जाऊन तिचें रूप पाहण्याची सोय नाहीं. हर्शेलनें मापाऱ्याची रीत धरिली. २० फुटी दुर्बीण एकेका दिशेस रोखावयाची आणि दृष्टीच्या वर्तुळांत येणारे तारे मोजावयाचे. तारे सर्वत्र सारख्या अंतरानें विखुरलेले आहेत व आपली दुर्बीण शेवटच्या ताऱ्यापर्यंत पोंचते, असें त्यानें गृहीत धरिलें. म्हणजे जिकडे तारे अधिक, तिकडे विस्तार अधिक. कोठें वर्तुळांत एखादाच तारा येई, तर कोठें ५०० हून अधिक. तो मचाणावरून सांगे व कॅरोलाइन लिहून घेई. कडाक्याच्या थंडींतही हा क्रम चुकत नसे. १७८५ सालीं नकाशा प्रसिद्ध झाला : ओबडधोबड कडांची, एका अंगास दुभंगलेली, जाडीच्या सुमारें पांचपट रुंद अशी चपटी चकती, आणि सूर्य जवळजवळ मध्यावर.

चपटेपणा खरा ठरला. सूर्याची जागा मात्र चुकली. अंतराळांतील धूळ दूरचे तारे झांकून टाकते, हें १९३० सालीं ट्रम्पलर यानें सिद्ध केलें. वृश्चिक राशींत हर्शेलला ताऱ्यांवांचून एक काळें भगदाड दिसलें होतें, व तेथील तारे शेजारच्या पुंजक्यानें ओढून घेतले असावेत असा त्याचा तर्क होता. वस्तुतः तो धुळीचा पडदा. नकाशांतील दुभंगही त्याच जातीचा. सूर्य केंद्रापासून सुमारें २६,००० प्रकाशवर्षें दूर, सर्पिल भुजांमधील एका लहानशा फांट्यांत आहे. या भुजांचा माग १९५१ सालीं लागला. शिवाय कडेचे तारे इतक्या वेगानें फिरतात कीं, दिसणाऱ्या द्रव्याचें आकर्षण त्यांस धरून ठेवण्यास पुरत नाहीं. म्हणून आकाशगंगेंतील बहुतेक द्रव्य अदृश्य असावें, असें शास्त्रज्ञ मानतात. त्यास कृष्णद्रव्य म्हणतात. प्रकाशच न देणारी वस्तु कोणता मापारी मोजणार?

पण नकाशाच्या पायाबद्दल पहिला संशय घेणारा दुसरातिसरा कोणी नसून स्वतः हर्शेलच होता. १७८९ सालीं ४० फुटी दुर्बीण उभी राहिली. मोठ्या दुर्बिणींतून अधिकाधिक तारे दिसतात व ते सारखे विखुरलेले नसून जागोजाग गुच्छांत आहेत, असें त्यास कळून चुकलें. १८१७ सालीं, ७८ व्या वर्षीं, आपल्या दुर्बिणींस आकाशगंगेचा ठाव लागत नाहीं, असें त्यानें उघडपणें लिहिलें. तरीही तो जुना नकाशा पुढें पुष्कळ वर्षें पुस्तकांतून छापला जात होता.

१८२२ सालीं हर्शेल वारला व कॅरोलाइन हॅनोव्हरास परतली. पुत्र जॉन यानें २० फुटी दुर्बीण आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास नेऊन १८३४ ते १८३८ पर्यंत तिकडचे तारे मोजले. वृश्चिकांतील त्या काळ्या जागेकडे नीट लक्ष दे, असें ८० वर्षें उलटलेल्या आत्याबाईंनीं त्यास पत्रानें बजाविलें होतें.