नकार पचविणारा संत : गोन्सालो गार्सिया



६ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा जपानमधील २६ हुतात्म्यांचे स्मरण करते. त्यांतील एक जण आपल्या महाराष्ट्रातला, वसईचा होता : संत गोन्सालो गार्सिया. बीड जिल्ह्यात या दिवसांत चर्चमधील अनेक बाक रिकामे दिसतात, कारण आपली बरीच कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात. घरापासून आणि चर्चपासून दूर असताना मनाला वळण कसे लावावे, हे या संताकडून शिकण्यासारखे आहे.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले आणि जेमतेम पंधरा वर्षांचे असताना त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली व सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात व्रतस्थ व्हावे, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती मान्य झाली नाही.

येथे थोडे थांबू या. नकार हा आरसा असतो. आपल्याला देव हवा होता की देवाच्या घरात मान हवा होता, हे त्यात दिसते. समितीत नाव आले नाही, वाचन दुसऱ्याला दिले, म्हणून मिस्सेला येणेच सोडणारे आपण पाहतो. आम्ही धर्मगुरूही याला अपवाद नाही. बदलीचा आदेश मनासारखा आला नाही की आमच्याही मनात कुरकुर सुरू होते. आपण का दुखावलो, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारणे म्हणजेच आत्मपरीक्षण.

गोन्सालो यांनी पुढे व्यापार सुरू केला. भाषा येत होती, स्वभाव मनमिळाऊ होता. धंद्याला बरकत आली. देवाने दार लावले, आता आपण मोकळे, असे त्यांना म्हणता आले असते. पण पैसा येऊनही जुनी हाक विझली नाही. भरभराटीचा धंदा सोडून ते फिलिपिन्समधील मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे ब्रदर म्हणून. काल हुकूम देणारा व्यापारी आज आज्ञा पाळू लागला.

१५९३ मध्ये फादर पीटर बाप्टिस्ट यांच्याबरोबर ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानला आले. दुभाष्याचे काम नम्रतेचे असते. स्वतःचे काही न घालता दुसऱ्याचे शब्द तोलून पोहोचवायचे. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोरही त्यांनी हे काम केले. क्योतो शहरात फ्रान्सिस्कनांनी चर्च उभारले, कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने चालविले.

१५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. मिशनऱ्यांच्या मागून परकीय सैन्य येते, असा संशय त्यानंतर बळावला आणि डिसेंबरमध्ये गोन्सालो यांना सोबत्यांसह अटक झाली. त्यांचे डावे कान कापून, भर थंडीत सुमारे ८०० किलोमीटर दूर नागासाकीला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर २६ जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता. गोन्सालो चाळिशीचे होते. त्या २६ जणांत तिघे येशूसंघाचे होते. ज्या संघाचे दार उघडले नव्हते, त्याच्याच माणसांच्या रांगेत गोन्सालो यांचाही क्रूस उभा राहिला. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद बहाल केले.

क्रूसापुढे स्थिर राहण्याचे बळ एका दिवसात येत नाही. नकार पचविताना, पैसा सोडताना, दुसऱ्याचे शब्द पोहोचविताना ते थोडे थोडे साठत जाते. शिस्त म्हणजे देहाचा छळ नव्हे. खरे काय हवे ते ओळखून रोज त्या दिशेने एक पाऊल टाकणे.

पहाटे फडात जाऊन रात्री कोपीवर परतणाऱ्या माणसाला आम्ही लांबलचक प्रार्थना सांगणार नाही. झोपण्यापूर्वी क्रूसाची खूण करावी आणि तीन गोष्टी मनाशी विचाराव्यात. आज देवाने काय दिले? आज मी कोणाला दुखावले? उद्या एक कोणती गोष्ट टाळीन? पाच मिनिटे पुरेत, पण रोज. मुलांना जवळ घेऊन केले तर अधिक चांगले. गावी राहिलेल्यांनीही हेच करावे, आणि बाहेरगावी असलेल्या आपल्या माणसांना फोनवर त्याची आठवण द्यावी. थकवा येईल, एखादी रात्र चुकेल. चुकली तर दुसऱ्या रात्री पुन्हा सुरू करावे. आमचीही चुकते.

येत्या उपवासकाळाची तयारी येथूनच करू या. संत गोन्सालो, नकारातही देवाचा हात धरून ठेवण्याची कृपा आम्हांस मिळावी म्हणून आम्हांसाठी विनंती कर.

आपले धर्मगुरू