जिम रीव्हजचा एकच नाताळ

डिसेंबर उजाडला की गोव्यातील आणि वांद्र्यातील कितीतरी ख्रिस्ती घरांतून एक खर्जातला, संथ आवाज ऐकू येतो. तो अमेरिकन कंट्री गायक जिम रीव्हजचा.

टेक्सासमधील गॅलोवे या खेड्यात २० ऑगस्ट १९२३ रोजी एका गरीब शेतकरी कुटुंबात तो जन्मला. वडील तो तान्हा असतानाच वारले. पुढे बेसबॉलपटू झाला, परंतु दुखापतीने खेळ सुटला आणि आकाशवाणीवरील निवेदकाची नोकरी पत्करावी लागली. सुरुवातीला तोही इतरांप्रमाणे चढ्या स्वरातच गाई. १९५७ साली 'फोर वॉल्स' गाताना मात्र तो मायक्रोफोनच्या अगदी निकट गेला आणि त्याने आवाज खाली आणला. तेथून त्याचे नशीब पालटले.

१९६३ मध्ये 'ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस' ही तबकडी निघाली. 'सायलेंट नाइट', 'जिंगल बेल्स' ही गाणी तर आधीच शेकडोंनी गायिलेली! रीव्हजने ती शेजारी बसून बोलावे तशी गायिली. 'ब्लू ख्रिसमस' एल्व्हिस प्रेस्लीपेक्षा त्याच्याच तोंडी शोभते, असे मी म्हणेन. मित्र भांडोत बापडे.

३१ जुलै १९६४ रोजी नॅशव्हिलजवळ वादळात त्याचे छोटे विमान कोसळले. चालवीत होता तो स्वतःच; सोबत पियानोवादक डीन मॅन्युएल. दोन दिवसांच्या शोधानंतर अवशेष सापडले. वय अवघे चाळीस. त्या तबकडीनंतर त्याच्या वाट्याला एकच नाताळ आला. पत्नी मेरीने मागे राहिलेली ध्वनिमुद्रणे पुढे प्रकाशात आणली. त्यांतले 'डिस्टन्ट ड्रम्स' १९६६ साली इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले.