डिग्री नसलेले इंजिनिअर

माझं गाव टेंभुर्णी. पुणे-सोलापूर हायवेवरचं, उजनी धरणाजवळचं. आमच्या भागात साखर कारखाने बरेच. तिथे काम करता करताच तयार झालेले फिटर, वेल्डर पुष्कळ भेटतात. पण हातात सर्टिफिकेट नसलं की नव्या ठिकाणी ते पुन्हा ‘हेल्पर’! त्यांना पाहिलं की मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेसाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखू येत नसत. पेंटिंग सुटलं. मग मशीन ड्रॉइंग शिकून ते व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी सरळ नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

तिथे सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. शेवटी परीक्षा शेतातच झाली आणि नांगर पास झाला.

१९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंग आणि साप यांच्यात २५ कामगारांची कुटुंबं राहायला आली. इथे लक्ष्मणरावांनी माणसं निवडली ती मार्कशीट बघून नाही, काम बघून. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर झाले. शंभूराव जांभेकर नांगरातले जाणकार झाले. शिक्षा भोगलेल्या दरोडेखोरांवर तर त्यांनी वाडीचा पहारा सोपवला!

म्हणजे सर्टिफिकेट नकोच का? तसं नाही. बॉयलर चालवणाऱ्याकडे ते हवंच, तिथे चूक झाली तर जीव जातो. आणि लक्ष्मणरावांसारखा पारखी मालक सगळ्यांच्या नशिबी कुठे असतो? फळणीकरांना अनोळखी गावात काम मागावं लागलं असतं, तर त्यांना कोणी ओळखलं असतं? मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, ते परक्या माणसाला पटवून देण्यासाठीच तर कागद असतो. फक्त तो कागद हाताच्या कामाची परीक्षा घेऊन मिळायला हवा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधीपासून येत असलेल्या कामाची तपासणी करून प्रमाणपत्र द्यायची सोय केली गेली, ती याच विचाराने.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. आपल्यापैकी बरेच जण उद्या सुपरवायझर होतील, इंटरव्ह्यू घेतील. तेव्हा समोरच्याची फाईल जरूर बघा, पण त्याच्या हातात एकदा फाईल-कानस देऊनही बघा!