सय्यद अब्दुल रहीम : एक शिक्षक

खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी समजूत अद्यापि कित्येक पालकांची आहे. म्हणून नंदुरबारच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें आम्ही एका शिक्षकाचें चरित्र थोडक्यांत ठेवीत आहों.

रहीमसाहेबांचा जन्म १९०९ सालीं हैदराबाद येथें झाला. पदवी संपादून ते शाळेंत शिक्षक झाले. १९५० पासून त्यांनीं हैदराबाद पोलिसांचा फुटबॉल-संघ तयार केला, आणि त्या संघानें मुंबईचा रोव्हर्स चषक लागोपाठ पांच वर्षें जिंकिला. १९५१ सालीं दिल्लीच्या आशियाई क्रीडासामन्यांत त्यांच्या शिष्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें मुंबईकडील नेव्हिल डिसूझा यानें ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले, व भारत चौथा आला.

खरी कसोटी १९६२ सालीं जाकार्ता येथें लागली. रहीमसाहेबांस कर्करोगानें ग्रासलें होतें. प्रेक्षक प्रतिकूल होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियानें २-० असा जिंकिला. पुढें बचाव करणाऱ्या जर्नेलसिंगाच्या डोक्यास जखम होऊन टांके पडले. रहीमसाहेबांनीं त्यालाच आघाडीस आणिलें. अंतिम सामन्यांत त्याच कोरियाचा २-१ असा पराभव झाला. त्यांतील एक गोल जर्नेलसिंगाचा होता. १९६३ च्या जूनमध्यें रहीमसाहेब निवर्तले.

गोल करणारांचीं नांवें जगानें ऐकिलीं. त्यांस घडविणारा मात्र रेषेबाहेर उभा होता. बालमित्रहो, पहिल्या पराभवानें जो खचत नाहीं, त्यासच दुसरा सामना लाभतो.